झडती घेणाऱ्यांची झडती

१

खोलीत पाऊल ठेवायला जागा नव्हती. गादी पलंगावरून अर्धी खाली लोंबत होती, ट्रंकेतले कपडे जमिनीवर ओतलेले होते, पुस्तकं पालथी पडली होती, आणि एक लोकरीचा मोजा खिडकीच्या दांडीवर कसा जाऊन पोचला ते त्या मोज्यालाच ठाऊक. तपासनीस बाई उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. थंडी मी म्हणत होती.

“चोरांनी खोलीची अगदी दशा केली की हो,” त्या म्हणाल्या.

“चोर नव्हते, बाई.” मागून व्यवस्थापकाचा आवाज आला. “आम्हीच होतो. ही झडती आम्ही घेतली.”

बाईंनी वळून पाहिलं. व्यवस्थापक म्हणजे हाडं आणि ओव्हरकोट, एवढाच ऐवज. कोटाची बटणं गळ्यापर्यंत, वर मफलर, हातात जाड हातमोजे. वेधशाळेचा बॉयलर फुटून आठवडा होत आला होता आणि डोंगरमाथ्यावरच्या त्या इमारतीत सगळी माणसं घरातसुद्धा प्रवासाला निघाल्यासारखी वावरत होती.

“मग आवरायचं राहून गेलं वाटतं?”

“पुरावा आहे. नियमाप्रमाणे जसंच्या तसं ठेवलंय.”

बाईंना वेधशाळेच्या विश्वस्त मंडळानं पाठवलं होतं. प्रकरण ऐकायला साधं होतं. संचालकांच्या कपाटातून एक जुना आयपीस नाहीसा झाला होता. दुर्बिणीला आपण जिथं डोळा लावतो तिथं बसवायची ती भिंगांची पितळी नळी, मुठीत मावेल एवढी. कुणा जुन्या कारागिरानं हातानं घासलेली ती भिंगं आता कुठंच मिळत नाहीत. ती संग्रहालयाकडे पाठवायची म्हणून डबी उघडली, तर आत नुसतं मखमल. मग सगळ्यांच्या खोल्यांची झडती झाली आणि आयपीस निघाला तो या खोलीतल्या उशीखाली.

खोली संचालकांच्या सख्ख्या भाचीची. ती त्यांची सहायकही होती. समुद्रापलीकडच्या एका मोठ्या वेधशाळेत तिला जागा मिळाली होती आणि परवा तिची बोट सुटणार होती. तिच्या वर्तणुकीबद्दल मंडळानं चांगला शब्द दिला तरच ती जागा तिची, नाहीतर यादीतल्या पुढच्या माणसाची. संध्याकाळची गाडी खाली जाईल तेव्हा बाईंनी ‘हो’ की ‘नाही’ ते सांगायचं होतं. एका मुलीचा सगळा जन्म त्या एका शब्दावर लटकला होता. वीस ठिकाणचे अपहार निस्तरूनही बाईंना असल्या शब्दाची सवय झाली नव्हती.

“ही खोली आधी उघडी होती?”

“छे! कुलूप होतं. ती सकाळपासून घुमटात काम करत होती. कुलपाला दोनच किल्ल्या. एक तिच्याकडे.”

“आणि दुसरी?”

व्यवस्थापकानं खिशातलं जुडगं चाचपलं. “दुसरी माझ्या जुडग्यात असते,” तो म्हणाला.

२

घुमटाखाली भाची दुर्बिणीचं चाक पुसत बसली होती. पुसून पुसून त्या चाकाचा रंग उडायची वेळ आली होती. बाई आल्या तशी ती उठून उभी राहिली.

“मी घेतलं नाही,” ती म्हणाली. “पण घेतलं असतं तरी मी असंच म्हटलं असतं, नाही का? म्हणून मला दुसरं काही बोलायलाच सुचत नाही.”

“बस गं. मला आधी हे दाखव, आयपीस म्हणतात ते असतं तरी कसं. मी आयुष्यात चष्म्यापलीकडे भिंग पाहिलेलं नाही.”

भाचीनं फळीवरचा एक साधा आयपीस काढून दिला. बाईंनी तो उचलला आणि सरळ डोळ्याला लावला. क्षणभर खिडकीतला उजेड दिसला आणि लगेच सगळं पांढरं झालं, वरणाच्या वाफेत चष्मा धरावा तसं. बाई दचकल्या. “अगं, मी मोडलं की काय?”

भाची हसली. दोन दिवसांत पहिल्यांदाच हसली असावी, कारण हसू ओठांवर जरा अडखळत आलं. “नाही हो बाई. काच गार आहे ना. डोळ्याची आणि श्वासाची ऊब लागली की वाफ धरते. आधी कोटाच्या आत, छातीशी ठेवायची, ऊब आली की मग डोळ्याला लावायची. मामा पहिल्या दिवशी हेच शिकवतात. विसरलं की टपली. मी लहानपणी इतक्या टपल्या खाल्ल्यात!”

“लहानपणी?”

“आई गेली तेव्हा मामांनी मला इथं आणलं. मला झोप यायची नाही, म्हणून कडेवर घेऊन इथं दुर्बिणीपाशी आणायचे.” तिनं चाकावरून पुन्हा फडकं फिरवलं. “परवा खोलीत ते सापडलं तेव्हा मला माझं काही वाटलं नाही. मामांच्या चेहऱ्याकडे बघवेना. तरी तेच मला धीर देतात. म्हणतात, कुठं बोभाटा होऊ देणार नाही, पोलीस नकोत, मंडळ नको, तू इथंच माझ्याजवळ राहा, मी सांभाळून घेतो.”

“आणि ती परदेशातली जागा?”

“ती आता कुठली, बाई? चोर म्हणून शिक्का बसला की कोण दारात उभं करतं?”

बाईंनी आयपीस रुमालानं पुसला आणि परत दिला.

“तुझं इथं कुणाशी वाकडं आहे?”

भाचीनं आयपीस फळीवर परत ठेवला. मग म्हणाली, “वाकडं नाही. पण व्यवस्थापकांना मी डोळ्यांसमोर नको असते. हे सगळं व्हायच्या आदल्याच दिवशी ते मला जिन्यात म्हणाले, ‘तू इथून जितक्या लवकर जाशील तितकं बरं.’ माझ्याकडे न बघता म्हणाले आणि तडक निघून गेले.”

३

संचालकांची खोली मोठी होती आणि म्हणूनच जास्त गार होती. संचालक उंच, पांढऱ्या दाढीचे, अंगावर जाड कोट. उठून त्यांनी बाईंना खुर्ची दिली, चहा मागवला, आणि व्यवस्थापकाचा लेखी अहवाल त्यांच्यापुढे सरकवला.

“तुम्हीच वाचा मोठ्यानं,” ते म्हणाले. “मला ते पुन्हा वाचवत नाही.”

अहवाल इंग्रजीत होता, कारण मंडळाला तो तसाच लागे. बाई वाचू लागल्या आणि दुसऱ्याच परिच्छेदात अडकल्या. व्यवस्थापकानं लिहिलं होतं की भाचीची खोली तिघांच्या उपस्थितीत ‘रॅन्सॅक’ करण्यात आली.

बाईंना हसू आवरेना. “अहो, खोली लुटली असं लिहिलंय तुम्ही!” त्या दाराशी उभ्या असलेल्या व्यवस्थापकाला म्हणाल्या.

व्यवस्थापकाचे कान लाल झाले. “मी शब्दकोश बघून लिहिलंय. ‘कसून शोधणे’ असा अर्थ दिलाय.”

“तोही आहे. तुमचं चुकलं असं कुठं म्हणतेय मी?” बाईंना एक खोड होती. एखादा शब्द दिसला की त्याची पाळंमुळं खणल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. घरी त्यांचे यजमान म्हणत, हिच्या पर्समध्ये कंगव्याऐवजी शब्दकोश सापडेल. “मूळ अर्थ तुमच्याच बाजूचा आहे. हा शब्द इंग्रजांचा नाही मुळात. उत्तरेकडच्या समुद्रावरच्या लोकांकडून त्यांनी तो घेतला. त्यांच्या बोलीत ‘रॅन’ म्हणजे घर आणि पुढचा तुकडा म्हणजे शोधणं. ‘सॅक’ म्हणजे गोणी, पण तिच्याशी याचा काही संबंध नाही, लोकांना तसं वाटतं खरं. कुणाची चोरी झाली की त्यानं संशयिताच्या घरात शिरून माल शोधायचा, याला तो शब्द होता. अगदी कायदेशीर.”

“मग लूट कुठून आली त्यात?” व्यवस्थापकानं विचारलं. आपण चुकलो नाही म्हटल्यावर त्याला हुरूप आला होता.

“शोधणाऱ्यांच्या हातून आली. कायद्याच्या नावानं घरात शिरायचं आणि घर उलथंपालथं करायचं. होता होता लोकांना शोध आणि लूट यांत फरकच दिसेनासा झाला. भरीला शहर लुटण्याला इंग्रजांकडे अशाच आवाजाचा एक शब्द होता, तोही याला येऊन चिकटला. तुमची ती खोली बघून मलाही आधी चोरच आठवले, नाही का?”

“बाई,” संचालक हलकेच म्हणाले, पण त्या हलकेपणात धार होती. “मंडळानं तुम्हाला शब्दांची मुळं खणायला पाठवलंय, की माझ्या घरातली ही लाज मिटवायला? पोरगी तरुण आहे. मोह झाला असेल. वस्तू परत मिळालीय. मी तिला पदरात घेतलंय. आणखी काय हवं?”

“साहेब, एकच सांगते आणि गप्प बसते. उत्तरेकडच्या त्या लोकांना हेही ठाऊक होतं की झडती घेणारा काही देवमाणूस नसतो. खोलीत शिरताना स्वतःच माल न्यायचा, आणि ‘सापडला, सापडला’ म्हणून ओरडायचं, हे फार सोपं. म्हणून त्यांच्या जुन्या कायद्यांत असा दंडक होता, की शोधणाऱ्यानं वरची वस्त्रं बाहेर उतरवून, नुसत्या सदऱ्यावर, कमरेचा पट्टा सैल सोडून आत जायचं. घरात काही लपवून नेता येऊ नये म्हणून.”

व्यवस्थापकाच्या हातमोज्यातली बोटं आपोआप कोटाच्या खिशाकडे गेली आणि मध्येच थांबली.

“म्हणजे आमच्यावर संशय?” तो म्हणाला.

“मी फक्त विचारतेय,” बाई म्हणाल्या. “परवा त्या खोलीत शिरताना कुणी कोट उतरवला होता?”

४

कुणी उतरवला नव्हता, हे स्वयंपाकघरातल्या मावशींनी ठासून सांगितलं.

“कोट उतरवायला वेड लागलंय का कुणाला? इथं भांड्यातलं पाणी गोठतंय!” मावशी चुलीपाशी बसल्या होत्या. इमारतीतली तेवढी एकच ऊबदार जागा, आणि बाई तिथं जाऊन बसल्या त्या उठायचं नाव घेईनात. “बाईमाणसाची खोली म्हणून साहेबांनी मला साक्षीला बोलावलं. मी आपली उंबऱ्यावर उभी. आत गेले नाही. खरं सांगते, माझ्या हातची खाऊन वाढलेली पोर ती. तिच्या ट्रंकेत हात घालायचा? मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.”

“मग काय काय झालं ते क्रमानं सांगा बघू.”

“क्रम कसला, नुसता धुडगूस! व्यवस्थापक आत शिरले आणि धरलं ते उपसायला लागले. ट्रंक उपसली, पुस्तकं झाडली. त्या माणसाला देवानं हात दिलेत की फावडी कोण जाणे. हातमोजेसुद्धा काढले नाहीत. साहेबांना काही ते बघवेना. ते मटकन पलंगावर बसले, उशाशी. कोटाची वरची बटणं सोडून छाती चोळायला लागले. मी म्हटलं, झालं, आता यांनाच काहीतरी होतंय. पाणी आणू का म्हणून विचारलं, तर मानेनंच नको म्हणाले.”

बाईंनी कप खाली ठेवला. “मग?”

“मग व्यवस्थापक पलंगापाशी आले. म्हणाले, साहेब, जरा उठता का? साहेब उठले. यांनी उशी उचलली, आणि खाली ते पितळी. व्यवस्थापकांनी दोन बोटांत धरून वर उचललं. पाल धरावी तसं. माझ्या तर तोंडचं पाणीच पळालं.”

“आणि साहेब?”

“साहेबांनी ते त्यांच्या हातातून घेतलं, झटकन डोळ्याला लावलं, खिडकीकडे बघितलं आणि म्हणाले, ‘हेच ते. कडेचा ओरखडा दिसतोय.’ मग ते परत डबीत गेलं.”

“झटकन? मध्ये काही वेळ गेला नाही?”

“अहो, इकडून घेतलं आणि तिकडं लावलं. एवढा वेळसुद्धा नाही.” मावशींनी चुटकी वाजवली.

“आणि त्या खोलीत त्या दिवशी शेगडी वगैरे काही पेटवलेलं होतं, मावशी?”

“कुठली शेगडी! बॉयलर फुटल्यापासून ती खोली बर्फासारखी. पोर माझ्याच चुलीशी येऊन बसायची.”

बाई उठल्या. आयपीस त्या खोलीत कसा पोचला हे त्यांना आता कळलं होतं. कुणी नेला याचाही अंदाज आला होता, आणि तो अंदाज त्यांना अजिबात आवडला नव्हता. पण असं कुणी का करावं याचं उत्तर अजून हाती नव्हतं, आणि त्यावाचून बोलणं म्हणजे एका माणसाला फुकट सुळावर देणं. गाडी सुटायला फार वेळ उरला नव्हता.

५

व्यवस्थापक जिन्यातच भेटला. बाईंनी त्याची वाट अडवली.

“तुम्हाला ती मुलगी डोळ्यांसमोर नको होती. का?”

“कोण म्हणतं?”

“ती म्हणते. जितक्या लवकर जाशील तितकं बरं, असं तुम्ही तिला बोललात. दुसऱ्याच दिवशी तिच्या उशीखाली चोरीचा माल निघाला. खोलीची दुसरी किल्लीही तुमचीच. मी मंडळापुढं एवढं जरी सांगितलं तरी तुमची धडगत नाही.”

व्यवस्थापक खाली पायरीवर बसला. बसल्यावर तो आणखीच लहान दिसायला लागला. “बाई, मी ते तिच्या भल्यासाठी बोललो,” तो म्हणाला. “मला गोड बोलता येत नाही, त्याला काय करू? ती इथं राहिली असती तर मातीत गेली असती.”

“म्हणजे?”

“मी बोलणार नव्हतो. त्यांचं मीठ खाल्लंय मी.” त्यानं हातमोजे काढले, पुन्हा घातले. “साहेबांना आता दिसत नाही, बाई. जवळचं थोडं धूसर दिसतं. वाचता येत नाही. आकाशातलं तर काहीच नाही. बघते ती, लिहिते ती, आणि खाली सही साहेबांची. बाहेर कुणाला पत्ता नाही. तिला तर वाटतं, मामा थकलेत म्हणून आपल्याकडून करून घेतात. ती गेली की आठवड्यात सगळं उघडं पडेल.”

बाईंना अहवाल आठवला, तो पुढं सरकवणारा हात आठवला.

“मग मंडळाला का कळवलंत? साहेब तर नको म्हणत होते.”

“किमती वस्तू हरवली की कळवायचं असा नियम आहे,” व्यवस्थापक म्हणाला, जणू यात विचारण्यासारखं काय आहे. “शिवाय ती चोर असेल हे मला पटत नव्हतं. कुणीतरी शहाण्या माणसानं येऊन बघावं असं वाटलं.”

“एक सांगा. उशीखालून तुम्ही आयपीस उचललात तेव्हा तो गार होता की ऊबदार?”

“मला काय कळणार? हातमोजे होते.”

“बरं झालं,” बाई म्हणाल्या. “चला, सगळ्यांना त्या खोलीत बोलवा. आणि मला घुमटातल्या फळीवरचा एक आयपीस आणून द्या. खिशात घालू नका, डबीतच आणा.”

६

त्या विस्कटलेल्या खोलीत चार माणसं उभी राहिली म्हणजे कुणीतरी कपड्यांवर उभं राहणारच. भाची तेवढी भिंतीला टेकून, पाय जवळ घेऊन उभी होती, आपल्याच खोलीत पाहुणी असल्यासारखी. मावशी आजही उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत.

“माझ्या मनात एक शंका आहे, साहेब,” बाई म्हणाल्या. “उशीखाली मिळाला तो आयपीस अस्सल होता, की कुणी त्याच्यासारखा दुसरा ठेवला होता? तुमच्याइतकं कुणाला कळणार? हा जरा डोळ्यांखालून घाला आणि सांगा.”

त्यांनी डबी उघडून पुढं केली. संचालकांनी आयपीस घेतला. मग डाव्या हातानं कोटाची वरची दोन बटणं सोडली, आयपीस आतल्या खिशात छातीशी सरकवला आणि वरून तळहात ठेवून स्वस्थ उभे राहिले.

बाईंनी मनात दहापर्यंत मोजलं.

“का हो साहेब, बघत का नाही?”

“गार आहे,” संचालक जरा त्रासिकपणे म्हणाले. “आत्ता लावला तर वाफ धरेल. नुसतं धुकं दिसेल. जरा थांबा.”

“मामा…” भाची म्हणाली. सगळ्यांत आधी तिच्या लक्षात आलं. ती त्यांच्याच हाताखाली शिकली होती.

“परवा तुम्ही थांबला नाहीत, साहेब,” बाई म्हणाल्या. “याच खोलीत, याच थंडीत, व्यवस्थापकांच्या हातातून आयपीस घेतलात आणि झटकन डोळ्याला लावलात. ज्या गोष्टीसाठी तुम्ही पोरांना जन्मभर टपल्या मारल्यात, ती गोष्ट तुम्ही विसरलात?”

संचालकांचा छातीवरचा हात हलला नाही. “तो… हाताला ऊबदार लागला,” ते म्हणाले. “म्हणून लावला.”

“ऊबदार लागला?”

“हो. लागला.”

“बॉयलर फुटल्यापासून गारठलेल्या, कुलूप लावलेल्या खोलीतलं पितळ ऊबदार?” बाईंचा आवाज चढला नाही, पण मावशींनी दाराची चौकट घट्ट धरली. “मग तो इथं आधीपासून नव्हताच. झडती घेणाऱ्यांपैकीच कुणीतरी अंगाशी धरून आत आणला. मावशी आत आल्याच नाहीत. व्यवस्थापकांचा कोट गळ्यापर्यंत बंद, हातात मोजे, ते मोजे त्यांनी काढलेच नाहीत; त्यांच्याकडे असता तर बाहेरच्या खिशात, किल्ल्यांबरोबर दगडासारखा गार पडला असता. काच छातीशी धरायची सवय त्यांना नाही. उशाशी बसले ते तुम्ही, साहेब. कोटाची बटणं सोडून छाती चोळत होता तेही तुम्हीच. लोकांना वाटलं, भाचीच्या दुःखानं जीव कासावीस झालाय.”

“हा सगळा तर्क आहे,” संचालक म्हणाले.

“असू दे. मी तुम्हाला दुसरी वाटही देते. समजा, आणणारे तुम्ही नव्हता. मग तो हातात आला त्याच क्षणी, तो ऊबदार आहे म्हणजे ही मुलगी निर्दोष आहे, हे या खोलीत फक्त तुम्हाला एकट्याला कळलं. आणि तुम्ही मूग गिळून बसलात. तिला चोर ठरू दिलंत. दोन्हींतलं कुठलं ते तुम्हीच सांगा.”

संचालकांना बसायचं होतं, पण पलंगाची कड त्यांना सापडेना. व्यवस्थापकानं पुढं होऊन त्यांचा दंड धरला आणि त्यांना बसवलं. दंड सोडताना त्याचेच डोळे भरून आले होते.

“आणि कडेचा ओरखडा,” बाई आता हळू म्हणाल्या, “तो तुम्हाला दिसला नाही. तुम्हाला तो पाठ होता.”

भाची भिंतीपासून पुढं आली. “म्हणजे? मामा, तुम्हाला दिसत नाही?”

“दिसेल, दिसेल म्हणत राहिलो,” संचालक म्हणाले. आवाजातलं सगळं संचालकपण गळून गेलं होतं. “तुला सांगितलं असतं तर तू जायची नाहीस, हे मला माहीत होतं. ते माझ्यानं बोलवेना. भीक मागितल्यासारखं वाटायचं. आणि तू गेलीस तर मी काय, बाळ? आंधळा म्हातारा आणि एक बंद घुमट. वाटलं, थोडा डाग लागू दे. इथल्या इथं. बाहेर कुणाला कळणारच नव्हतं. यानं ते मंडळाला कळवलं नसतं तर…”

“तर मी जन्मभर इथं चोर म्हणून राहिले असते,” भाची म्हणाली. “आणि तुमचे उपकार मानत राहिले असते.”

“नाही गं, असं नको म्हणू.” त्यांनी हात पुढं केला, ती उभी होती त्याच्या जरा उजवीकडे. “मी तुला कधीच माफ केलं होतं.”

भाची त्यांच्याकडे बघत राहिली. रडली नाही, ओरडली नाही.

“कशाबद्दल, मामा?” तिनं विचारलं.

खाली गाडीचा भोंगा वाजला. बाईंनी घसा खाकरला आणि मंडळाला काय सांगायचं ते आपण गाडीतच लिहून टाकू, असं त्या दाराकडे बघून म्हणाल्या. भाची गुडघ्यांवर बसली आणि जमिनीवरचे कपडे भराभर गोळा करून ट्रंकेत भरू लागली, घडी न घालता. मावशी पहिल्यांदाच उंबरा ओलांडून आत आल्या आणि तिच्या शेजारी बसून पुस्तकं वेचायला लागल्या.

“बाई,” भाची वर न बघता म्हणाली, “गाडीत आणखी एका माणसापुरती जागा आहे ना?”